मागच्या बाजूचं गवत

१

रुग्णालयाच्या आवारात सगळे त्याला मुकादम म्हणत. हाताखाली एकही माणूस नसताना हे नाव कसं पडलं, ते त्यालाही आठवत नव्हतं. हिरवळ त्याची, कुंपणाची झाडं त्याची, कुंड्या त्याच्या. मुकादमी करायची तर स्वतःवरच करायची, आणि ती करून करून तो आता पार थकला होता.

गवत कापायच्या दिवशी दंव वाळेपर्यंत तो मशीनला हात लावत नसे. ओलं गवत लगदा होऊन पात्याला चिकटतं, चाक घसरतं, आणि चाकामागून माणूस घसरतो. तेवढ्या वेळात तो खाली मान घालून अख्ख्या हिरवळीवरून एक फेरी मारी. खडे, वाळक्या काटक्या, इंजेक्शनची टोपणं, भेटायला येणाऱ्यांच्या पोरांनी टाकलेले चेंडू, काय वाटेल ते सापडे. एकदा तर कवळी सापडली होती. ती धुऊन वॉर्डात नेऊन दिली, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी तिच्यावर हक्क सांगितला होता आणि दोघांचीही कवळी तोंडातच होती. पात्याखाली गेलेली वस्तू कुठे उडेल याचा नेम नसतो, म्हणून ही फेरी त्याने कधी चुकवली नाही. मग जाड बूट चढवायचे, इंजिन थंड असतानाच पेट्रोल भरायचं, दोरी ओढायची, आणि उताराला आडवं, पट्ट्याला पट्टा लावत चालत राहायचं. मशीन कधीही स्वतःच्या अंगाकडे ओढायचं नाही.

या मशीनच्या हँडलला लागून एक बारीक दांडी होती. हँडलबरोबर ती मुठीत दाबून धरली तरच मशीन चाले. मूठ सुटली की इंजिन बंद, पातं बंद. माणूस पडलाच तर मशीन त्याच्या पायावर चालून जाऊ नये, एवढ्यासाठी ती सोय. सोय उत्तम होती, पण ती दांडी दाबून दाबून मुकादमाचा उजवा हात कामातून गेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागे, आणि घरी गेल्यावर पाण्याने भरलेला ग्लाससुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे.

मेट्रनबाईंनी एकदा त्याचा हात बघितला आणि ड्रेसिंगच्या खोलीतून ताणाची पट्टी आणून दिली. "मनगटाला घट्ट गुंडाळा, झोपताना सोडा," त्या म्हणाल्या. मुकादमाने पट्टी गुंडाळली, पण मनगटाला नाही. हँडल आणि दांडी एकत्र घेऊन त्याने त्यांच्यावर पट्टीचे वेढे दिले, सोडायला सोपी अशी गाठ मारली आणि दोरी ओढली. मशीन आपलं आपलं चालू राहिलं. त्याला फक्त मागून चालायचं होतं. त्या सकाळी त्याचा हात मुळीच दुखला नाही. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं वाटून त्याला स्वतःचाच राग आला.

२

हिरवळीच्या एका अंगाला जुनी इमारत होती. लांबलचक, दुमजली, नवे वॉर्ड झाल्यापासून बंद. मशीन चालू केलं की तिच्या भिंतीवरून आवाज परत येई आणि पलीकडेही कोणी गवत कापतंय असं वाटे. मुकादमाला त्याची इतकी सवय झाली होती की तो आवाज त्याला ऐकूच येत नसे.

त्या दिवशी तो ऐकू आला. हिरवळीच्या मधून खडीची वाट जात होती. ती ओलांडताना पातं बंद करावंच लागे, नाहीतर खडी उडून समोरच्या काचा गेल्या असत्या. त्याने गाठ ओढली, पट्टी सैल झाली, इंजिन थांबलं. भिंतीतलं थांबलं नाही. ते थोडा वेळ तसंच चालत राहिलं आणि मग बंद झालं.

मुकादमाने कानात करंगळी घालून हलवली. आवाजाला जायला-यायला वेळ लागतो, असं शाळेत शिकवलं होतं ते त्याला आठवलं. इतक्या वर्षांनी शाळेचा काहीतरी उपयोग झाला म्हणून तो मनातल्या मनात हसलासुद्धा. पण रोज तेच मशीन, तीच भिंत, मग वेळ आजच कसा लागला, हे काही शाळेत शिकवलं नव्हतं. वाटेपलीकडचा भाग संपवून त्याने पुन्हा मशीन थांबवलं. या वेळी कपाळाचा घाम पुसून, रुमालाची घडी करून तो खिशात ठेवेपर्यंत भिंतीतलं मशीन चालू होतं.

दुपारी जनरेटर बघायला मिस्त्री आला होता. मुकादमाने पट्टी काढून खिशात कोंबली आणि मिस्त्रीला मशीन दाखवलं. मिस्त्रीने आधी प्लगची टोपी काढली, मग मशीन आडवं करून पात्यावरून अंगठा फिरवला.

"ह्या पात्यानं गवत कापलं जात नाही मुकादम, ओरबाडलं जातं. शेंडे बघा, सगळे तांबूस झालेत. धार लावून घ्या."

"ते लावीन. पण बंद केल्यावर आवाज येतो, त्याचं काय?"

मिस्त्रीने टोपी बसवली, मशीन चालू केलं, दांडी सोडली. सगळं तिथल्या तिथे गप्प झालं. भिंतसुद्धा.

"कुठून येतो आवाज?"

"भिंतीतून."

"मग गवंड्याला बोलवा. भिंती माझ्याकडे नाहीत." मिस्त्री हसला आणि हसता हसता त्याची नजर मुकादमाच्या खिशाकडे गेली. पट्टीचं टोक बाहेर लोंबत होतं. "हे काय? दांडी बांधून चालवता की काय?"

"हात दुखतो रे."

"हात दुखतोय तोवर बरं आहे. पाय गेला तर चपला एकेकच घ्याव्या लागतील." मग त्याचा आवाज बदलला. "चेष्टा नाही करत. ही दांडी कशाला दिलीये? मागं माणूस आहे, एवढं मशीनला कळावं म्हणून. तुम्ही पट्टी बांधली की त्याला काय कळणार, मागं कोण आहे?"

मुकादमाने मान डोलावली. मिस्त्री दिसेनासा झाल्यावर त्याने उरलेल्या कोपऱ्यासाठी पट्टी पुन्हा बांधली.

३

त्याचं राहायचं घर जुन्या इमारतीच्या मागे होतं. दोन खोल्या आणि पुढे एक पायरी. इमारत आणि घर यांच्यामध्ये मोकळी जागा होती आणि तिथे कंबरेएवढं गवत माजलं होतं. पुढची हिरवळ लोकांना दिसते, मागचं कोण बघतंय, म्हणून ते कापायचं काम कधी कोणी सांगितलं नाही आणि मुकादमानेही कधी आपणहून अंगावर घेतलं नाही.

त्याच्या बायकोचा खुबा मोडला होता. घरातल्या घरात पाय घसरून पडली, ऑपरेशन झालं, आत पट्टी-खिळे बसवले, पण हाड हट्टाला पेटल्यासारखं जुळेना. धरायला माणूस असल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. पायरीशेजारच्या खिडकीला लागून तिची खाट होती, आणि दिवसभर ती त्या गवताकडे बघत पडून राही. मुकादम कामावरून येई, चूल पेटवी, तिला पुसून काढी, कपडे बदली, गोळ्या देई आणि आडवा होई. लग्न झाल्यापासून ही दोघं अखंड बोलत आली होती. भांडणंसुद्धा अशी की शेजारचे कंपाउंडर मध्यस्थी करायला येत आणि चहा घेऊन जात. आता तो घरात शिरला की त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. ती तक्रार करत नव्हती. तिच्यासारख्या बाईने तक्रार न करणं त्याला फार लागे, पण ते बोलून दाखवायचंही त्राण उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो घरात आला तेव्हा ती खुशीत होती.

"आज मागे कापत होतात ना?"

"काय?"

"गवत हो. दिसलं नाही मला, उंच आहे ना. पण मशीन ऐकू येत होतं. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी माझ्या खिडकीची आठवण झाली."

मुकादम खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडत होता. आवाज भिंतीवरून येतो, तो समोर कापत होता, मागे पाऊलही टाकलं नव्हतं, हे सगळं सांगायचं म्हणजे दहा वाक्यं बोलायची, मग तिचे प्रश्न, मग त्यांची उत्तरं. बोटांत नाडी धरवत नव्हती.

"हो," तो म्हणाला.

"जवळपर्यंत आणा. उजेड येईल."

"आणतो."

सकाळी कामावर जाताना त्याने कडेची पायवाट सोडून इमारतीच्या मागे डोकावलं. माजलेल्या गवतात, भिंतीपासून सुरू होऊन, एक पट्टा कापलेला होता. अगदी मशीनच्या रुंदीचा. तो सरळ त्याच्या घराच्या दिशेने आला होता आणि मध्येच थांबला होता. मुकादम उकिडवा बसला. कापलेल्या गवताचे शेंडे हिरवेगार होते, कात्रीने कापावेत तसे. त्याच्या मशीनने ते असे कापले गेलेच नसते. नगरपालिकेचा कोणी ठेकेदार असेल, साप निघतात म्हणून तक्रार गेली असेल. असेलच काहीतरी, असं म्हणून तो गुडघ्यावर हात टेकत उठला. कापलेलं गवत मात्र पट्ट्यावर नव्हतं, आजूबाजूलाही नव्हतं. ते गेलं कुठे, याचा विचार त्याने दुपारवर ढकलला.

४

दुपारपर्यंत पट्टे दोन झाले होते आणि दुसरा पहिल्यापेक्षा लांब होता. त्या सकाळी मुकादमाने पुढच्या हिरवळीच्या राहिलेल्या कडा कापल्या होत्या, पट्टी बांधून.

तो किल्ली घेऊन जुन्या इमारतीत शिरला. आत उन्हाची तिरीप आणि धूळ. लोखंडी खाटा भिंतीला लावून उभ्या केलेल्या, गाद्या गुंडाळून बांधलेल्या, सलाइनचे स्टँड एका कोपऱ्यात. एकेका खोलीचं दार ढकलत तो पुढे जात राहिला. कुठेच काही नव्हतं, आणि प्रत्येक खोलीत काही नाही हे बघून त्याला बरं वाटायच्याऐवजी वाईट वाटत होतं. शेवटच्या खोलीच्या दाराशी पेट्रोलचा वास आला. तापलेल्या इंजिनाचा, त्याच्या ओळखीचा वास. फरशीवर कापलेल्या गवताचा थर होता. ताजं, ओलसर गवत, भिंतीपासून भिंतीपर्यंत सारखं पसरलेलं. खिडकी बंद होती आणि तिच्या कडीवर जुनी जळमटं जशीच्या तशी होती. फुटक्या झरोक्यातून वाऱ्याने आत आलं असणार, असं तो मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज खोलीतून परत आला नाही. त्याने दार लावून घेतलं, किल्ली फिरवली, आणि बाहेर येऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला.

त्यानंतर त्याने मशीन चालू केलंच नाही. कुंड्या हलव, कुंपण छाट, नळ्या गुंडाळ, असा वेळ काढत राहिला. मागचं गवत होतं तिथेच राहिलं. घरी बायको मात्र पुन्हा गप्प झाली होती.

"कंटाळलात का?" तिने एकदा विचारलं.

"कशाला?"

"परवा किती बोलत होतात. खिडकीशी थांबून. मी म्हटलं आत या, तर म्हणालात, थोडंच राहिलंय, संपवून येतो."

मुकादमाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मी?"

"नाही, कुठला तरी राजा आला होता." ती हसली आणि मग हसणं आवरून म्हणाली, "बरं वाटलं हो. कितीतरी दिवसांनी."

गोळ्यांनी असं होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या जड असतात, माणूस बरळतो. पण त्याला भीतीपेक्षाही जास्त टोचलं ते वेगळंच. इतके दिवस हिच्याशी बोलायला आपण कुठे होतो? त्याने तिला विचारलं, काही दिवस वॉर्डात हलवू का? तिने साफ नाही म्हटलं. "तिथे काय आहे? इथे तुम्ही जवळ असता."

पंधरवडा संपायच्या आत मेट्रनबाईंनी त्याला बोलावून घेतलं. समिती पाहणीला येणार होती, आणि हिरवळीचं रान झालं होतं.

"हात जमत नसेल तर स्पष्ट सांगा मुकादम. दुसरा माणूस मिळेल. पण मग घरही त्याला द्यावं लागेल, हे तुम्हाला माहीत आहे."

"जमतं बाई."

"नक्की?"

"जमतं," तो म्हणाला. खुबा मोडलेली बायको घेऊन जायचं कुठे, या प्रश्नाला त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

५

गवत फार वाढलं होतं. एकदम बुडापासून कापलं तर पिवळं पडतं, म्हणून त्याने चाकं वरच्या खाचेत बसवली. आज वरचा शेंडा, दोन दिवसांनी उरलेलं. पात्याला धार लावून आणली होती. पट्टी त्याने मुद्दामच खिशातून काढली नाही. दांडी मुठीत दाबली, दोरी ओढली आणि चालायला लागला. खडीच्या वाटेशी मूठ सोडली तेव्हा भिंतीतला आवाजही लगेच थांबला. मुकादमाला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. एवढंच होतं तर. हाताने धरायचं, बस.

पण हाताने धरवेना. अर्ध्यावर आल्यावर बोटं आपोआप उघडायला लागली. मशीन बंद पडे, तो दोरी ओढी, दोन पावलं जाई, पुन्हा बंद. डाव्या हाताने धरून बघितलं. दोन्ही हातांनी धरून बघितलं. ऊन डोक्यावर आलं. फाटकातून समितीची गाडी कधीही आत आली असती, आणि हिरवळ अर्धी भादरलेल्या डोक्यासारखी दिसत होती. उरलंय किती, तर एवढंसंच. तेवढ्यापुरतं काय होतंय? आणि झोप मिळावी, हात सुटावा, हे सगळं एकदाचं संपावं, याखेरीज त्या वेळी त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्याने पट्टी काढली, वेढे दिले आणि गाठ मारली.

मशीन सुरेख चालू लागलं. भिंतीतलंही चालू लागलं, आणि त्याचा आवाज आज भिंतीतून येत नव्हता. तो मागून, लांबून येत होता आणि आणखी लांब जात होता. मुकादम शेवटचा पट्टा संपवेपर्यंत थांबला नाही. थांबायला हवं होतं, हे त्याला चालताना कळत होतं.

कोपऱ्याशी पोचून त्याने पट्टी ओढली. त्याचं मशीन थांबलं. दुसरं चालू होतं. तो ऐकत उभा राहिला. ते चालूच होतं, संथ, न दमता, पट्ट्याच्या टोकाला वळत होतं, परत येत होतं. मग ते थांबलं. आपणहून, काम संपल्यावर माणूस थांबवतो तसं.

मुकादम पळाला. किती तरी वर्षांत तो पळाला नव्हता. जुन्या इमारतीच्या कडेने वळसा घालून तो मागे आला आणि त्याला समोर आपलं घर लख्ख दिसलं, कारण मध्ये गवतच उरलं नव्हतं. भिंतीपासून घरापर्यंत पट्ट्याला पट्टा लागून होता. गवताचं एकही पातं वर नव्हतं. शेवटचा पट्टा पायरीला टेकला होता. पायरीशी बुटांना लागलेल्या गवताचे बारीक तुकडे पडले होते, माणूस आत जाताना पाय झटकतो तिथे. दार उघडं होतं.

तो दारात आला. खोलीत कधी नव्हे इतका उजेड होता. बायको खाटेवर बसली होती. तिला कोणीतरी धरून बसवलं होतं, पाठीशी उशा लावल्या होत्या, केस विंचरले होते. ती हसत होती, आतल्या खोलीकडे तोंड करून. आत नळ चालू होता. कोणीतरी कोपरापर्यंत हात चोळून धुवत होतं.

"अगं," मुकादम म्हणाला. त्याला धाप लागली होती.

तिने वळून बघितलं. त्याच्या तोंडाकडे, घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे, लोंबणाऱ्या उजव्या हाताकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. परक्या माणसाला बघून बाई पदर सावरते, तसा तिने खांद्यावरचा पदर सावरला.

"आपण कोण? वॉर्ड पुढे आहे. हे घर आहे."

"अगं, मी."

ती चिडली नव्हती. थोडी संकोचली होती, आणि त्याची तिला कीवही आली असावी, इतका तो दमलेला दिसत होता. मग आतल्या खोलीकडे मान वळवून ती म्हणाली, "अहो, जरा बाहेर येता का? दारात कोणीतरी आलंय."

आतला नळ बंद झाला. "आलो," आतून उत्तर आलं.